आपली गाडी परदेशात नेताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा निरोप होता की या वेळी आठवणी आणि सत्कार यांच्याबरोबर काही जणांनी आपल्या अनुभवातली, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगायची. डॉक्टर मैत्रीण मधुमेहावर बोलली, वकील मित्र वारसनोंदीवर बोलला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. त्यावर वीस मिनिटं बोलले असते तर तुम्ही सगळे वेळेआधीच पंगतीला जाऊन बसला असता. म्हणून मी विषय आपल्या ग्रुपवरूनच उचलला.

दिवाळीपासून ग्रुपवर एक बेत शिजतो आहे. तीन गाड्या, चौदा जण, कुरकुंभहून थेट पशुपतिनाथ. फिरंगाईदेवीला नारळ फोडून निघायचं, हेही ठरलंय. थंडी किती असेल, वाटेत मुक्काम कुठे, ठेचा आणि भाकरी किती न्यायच्या, यावर शंभराच्या वर मेसेज आले. गाडीच्या कागदांवर एकच मेसेज आला, "बॉर्डरवर बघू." मला आज त्या दोन शब्दांबद्दल बोलायचं आहे.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही सहा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहिलो. तिथे आमची स्वतःची गाडी होती आणि त्या गाडीने ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स, क्रोएशिया असे देश पाहिले. परत आल्यावर पुण्याची गाडी घेऊन एकदा नेपाळला जाऊन आलो. मी काही आरटीओ अधिकारी नाही. शुल्क आणि नियम बदलत राहतात, ते निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासावेच लागतात. पण कुठल्याही सीमेवर गाडीला जे प्रश्न विचारले जातात ते फारसे बदलत नाहीत. माझ्या हिशेबाने ते पाच आहेत.

आधी आपल्या दारातली गोष्ट. आपण पुणे-सोलापूर महामार्गावर वाढलो. शाळेत जाता-येता ट्रकच्या नंबर प्लेट वाचून कुठल्या राज्याचा ट्रक ते ओळखायचा खेळ आपण सगळेच खेळलोय. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, दिवसभर चालूच. त्यामुळे आपल्या मनात बसलंय की गाडीला रस्ता मिळाला की ती कुठेही जाते. देशात ते खरंच आहे. एमएच ४२ पासिंगची गाडी घेऊन तुम्ही उद्या हैदराबादला गेलात तर कोणी अडवत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तरच मोटार वाहन कायद्याने तिथली नोंदणी करावी लागते. देशाच्या सीमेवर मात्र चित्र बदलतं. तुम्ही प्रवासी असता, पण कस्टमच्या लेखी तुमची गाडी हा माल असतो. दहा-पंधरा लाखांचा माल, चाकं असलेला, कर न भरता त्यांच्या देशात शिरणारा. हे एकदा लक्षात आलं की पुढचे सगळे कागद समजतात.

पहिला प्रश्न: चालवणारा कोण?

नेपाळ आणि भूतानमध्ये आपलं भारतीय लायसन्स चालतं. बाकी बहुतेक देशांत त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्याच आरटीओतून मिळतो. फॉर्म ४ए भरायचा, पासपोर्ट आणि मूळ लायसन्स जोडायचं, शुल्क सध्या हजार रुपये. मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. याच्या मागे १९४९ सालचा जिनिव्हाचा रस्ता वाहतूक करार आहे. भारत त्यात आहे. २०२२ साली केंद्र सरकारने या परवान्याचा नमुना देशभर एकसारखा केला आणि त्यावर क्यूआर कोड आला. मूळ लायसन्स घरी ठेवून नुसता हा परवाना नेला तर त्याला अर्थ नाही, दोन्ही एकत्र दाखवायचे असतात. आणि सगळेच देश तो मानतात असंही नाही. चीनमध्ये तो चालत नाही. तिथे तात्पुरतं चिनी लायसन्स, तात्पुरती नंबर प्लेट आणि सोबत तिथला वाटाड्या असावा लागतो.

राहायला गेलात तर आणखी वेगळं. जर्मनीत राहायला गेल्यावर आपलं लायसन्स सहा महिने चालतं, नंतर तिथलं काढावं लागतं. काही देशांची लायसन्स तिथे नुसती बदलून मिळतात, भारताचं त्या यादीत नाही. म्हणजे लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष गाडीची परीक्षा, दोन्ही. त्याआधी डोळ्यांची तपासणी आणि ४५ मिनिटांचे नऊ तास प्रथमोपचाराचा वर्ग. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवून गेलेली मी, तिथे बेंचवर बसून बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते शिकले. लायसन्स देण्याआधी तो देश पाहत होता की रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर ही बाई काय करेल. आपल्याकडे लायसन्स काढताना आठ काढून दाखवतात, तेवढ्यात होतं.

दुसरा प्रश्न: गाडी कोणाची?

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा. नाव कोणाचं आणि बोजा कोणाचा, दोन्ही त्यावर दिसतं. आपल्या तीन गाड्यांपैकी एक मित्राच्या वडिलांच्या नावावर आहे, एक कंपनीच्या नावावर आहे आणि तिसरीवर बँकेचा बोजा आहे. म्हणजे तिन्हींना काही ना काही पत्र लागणार. मालक सोबत नसेल तर त्याचं अधिकारपत्र, म्हणजे अमुक व्यक्तीला अमुक नंबरची गाडी अमुक तारखांना अमुक देशात न्यायला माझी हरकत नाही, असं. कंपनीची गाडी असेल तर ते कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. कर्जाची गाडी असेल तर बँकेची ना हरकत. बँकेचं पत्र मागितल्या दिवशी हातात पडेल असं धरून चालू नका. किमान महिनाभर आधी अर्ज द्या.

मी संगणकातली असूनही एक सांगते: मूळ कागद सोबत घ्या. २०१८ पासून आपल्याकडे डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी पोलिसांना मोबाइलवर दाखवलं तरी चालतं. ती सोय भारताच्या नियमांची आहे. सीमेपलीकडच्या अधिकाऱ्याला ते ॲप मानण्याचं काही कारण नाही. मूळ प्रती गाडीत आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा. माणसांच्या ओळखपत्राचंही तसंच. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र धरलं जातं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाने नुसत्या आधारवर निघू नये. ग्रुपवर चौघांनी आधारचे फोटो टाकलेत, त्यांनी हे लिहून घ्या.

लांब जायचं असेल तर गाडीच्या मागे देशाची खूण लावावी लागते. पांढऱ्या लंबगोलात काळी इंग्रजी अक्षरं, भारतासाठी आय, एन, डी. तेही त्या १९४९ च्या करारातूनच आलंय. महामार्गावर आपण प्लेटवरून राज्य ओळखायचो, तसा त्यांनी आपला देश ओळखायचा.

तिसरा प्रश्न: गाडी परत जाईल याची हमी काय?

हा सगळ्यात मोठा प्रश्न. नेपाळमध्ये गाडीवरचे कर फार जड आहेत. आपल्याकडची गाडी तिथे कितीतरी महाग पडते. मग कोणी भारतीय गाडी नेऊन तिथे विकली तर? म्हणून सीमेवर भन्सार कार्यालय असतं. भन्सार म्हणजे त्यांचं कस्टम. तिथे किती दिवस राहणार ते सांगायचं, दिवसाच्या हिशेबाने पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. ती पावती गाडीच्या काचेपाशी, हाताशी ठेवायची, वाटेत पोलीस मागतात. वर्षभरात मिळून गाडीला ३० दिवसांची मर्यादा आहे. जास्त राहिलात तर दंड. आपला बेत आठ दिवसांचा आहे, पण मी दोन दिवस वाढवूनच भरा म्हणेन. घाटात दरड कोसळली की एक मुक्काम वाढतो, आणि मुदत संपलेली पावती घेऊन डोंगरात अडकण्यापेक्षा दोन दिवसांचे पैसे परवडले. सोनौली गोरखपूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे दुपारच्या आत पोचायचं असं वेळापत्रक ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं, म्हणजे त्यांची खिडकी आपल्या घड्याळाने १५ मिनिटं आधी बंद होते.

नेपाळचं हे सोपं रूप झालं. आफ्रिका किंवा इराणकडे स्वतःची गाडी न्यायची तर कार्ने नावाची वही लागते. फ्रेंच शब्द आहे, सोप्या भाषेत गाडीचं जामीनपत्र. भारतात ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनमार्फत मिळते. तुम्ही गाडीच्या किमतीच्या हिशेबाने अनामत किंवा बँक हमी ठेवायची, मग ती संस्था जगभरच्या कस्टमला सांगते की ही गाडी परत जाईल, नाही गेली तर कर आम्ही भरू. वहीच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग तिथलं कस्टम फाडून घेतं, निघताना दुसरा, आणि तिसऱ्यावर येतानाचा आणि जातानाचा असे दोन्ही शिक्के राहतात. जातानाचा शिक्का राहिला तर कागदोपत्री तुमची गाडी अजून त्या देशातच आहे आणि कराची मागणी तुमच्या अनामतीवर येते. गाडी कुरकुंभच्या अंगणात उभी असली तरी. मुदत एक वर्ष.

आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेलं एक उदाहरण सांगते. २०१६ साली भारुलता कांबळे ब्रिटनहून एकट्या गाडी चालवत भारतात आल्या. त्यांचं सासर महाडचं. बातम्यांमध्ये ३२ देश असा आकडा होता, आणि त्या मणिपूरच्या बाजूने भारतात शिरल्या. तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. मी मात्र मनात शिक्के मोजत होते. ३२ देश म्हणजे प्रत्येक सीमेवर हेच पाच प्रश्न.

आपणही बाहेरून येणाऱ्यांना हेच विचारतो, हे विसरू नका. परदेशी खासगी गाड्यांसाठी भारत सरकारने २०२२ साली नियम काढले. नोंदणीपत्र, लायसन्स, विमा, प्रदूषणाचा दाखला गाडीत हवा, आणि कागद इंग्रजीत नसतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर. शेजारी देशांत हे सगळं सोपं व्हावं म्हणून भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ ला थिंफूत मोटार वाहन करारावर सह्याही केल्या. पण भूतानच्या संसदेने मान्यता दिली नाही. छोटा डोंगराळ देश, बाहेरच्या गाड्यांची गर्दी झाली तर काय, ही त्यांची काळजी. भूतानला जाऊ म्हणणाऱ्यांसाठी सांगते, २०२२ पासून तिथे भारतीय प्रवाशाला प्रत्येक रात्रीमागे माणशी १२०० रुपये शुल्क आहे आणि गाडीचा परवाना वेगळा. चौदा जणांचा हिशेब आपल्या गणिताच्या सरांना विचारा.

चौथा प्रश्न: तुमच्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरणार कोण?

आपल्या गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. सोनौलीची कमान ओलांडली की तुमची पॉलिसी नुसता कागद उरते. यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे, पण निघण्याआधीच करायचा. विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीची भौगोलिक हद्द वाढवून घ्यायची. त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आणि मालदीव हे देश बसतात. थोडा जादा हप्ता लागतो आणि पॉलिसीला पुरवणी पान जोडून मिळतं. त्या पानावर देशाचं नाव, गाडीचा नंबर आणि तारखा डोळ्यांनी वाचून घ्या. "साहेब, होऊन जाईल" असं एजंट फोनवर म्हणाला, म्हणजे झालं नाही.

युरोपात यासाठी ग्रीन कार्ड नावाची पद्धत आहे. ज्या देशांत तुमचा विमा चालतो त्यांची यादी त्या कार्डावर असते, आणि जिथे चालत नाही त्या देशाच्या नावावर काट मारलेली असते. जर्मन नंबरच्या गाडीला युरोपीय संघात ते दाखवावं लागत नाही. पण आम्ही क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्निकला गेलो तेव्हा मधे नेऊम नावाच्या गावापाशी बोस्निया देशाची एक पट्टी लागली. साधारण कुरकुंभ ते दौंड एवढंच अंतर. दोन्ही बाजूंना क्रोएशिया, मधे दुसरा देश, आणि तेव्हा तेवढ्यासाठी ग्रीन कार्ड लागायचंच. नवऱ्याने निघताना विचारलं होतं, "दहा किलोमीटरसाठी कशाला?" अपघात व्हायला दहा मीटर पुरतात, हे महामार्गाकाठी वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आता तिथे समुद्रावरून पूल झालाय, २०२२ पासून गाड्या बोस्नियात न शिरता जातात.

पाचवा प्रश्न: रस्त्यात बंद पडलात तर दुसऱ्याला दिसणार कसे?

आता गाडीतल्या वस्तू. जर्मनीत लाल परावर्तक त्रिकोण, ठरावीक प्रमाणाची प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जॅकेट गाडीत असणं सक्तीचं आहे. जॅकेटची सक्ती १ जुलै २०१४ पासून. फ्रान्समध्ये ते जॅकेट डिकीत ठेवून चालत नाही, हाताशी पाहिजे, कारण गाडीतून उतरण्याआधी ते अंगावर हवं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर लागतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी वर्षाचे ४० फ्रँक भरावे लागतात. स्वीडनमध्ये भर दुपारीही दिवे चालू ठेवायचे. आणि आपली उजव्या स्टिअरिंगची गाडी युरोपात नेली तर तिच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो, कारण तो डाव्या बाजूने चालणाऱ्या देशासाठी बसवलेला असतो. त्यासाठी दिव्याच्या काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. नेपाळ, भूतान डाव्या बाजूनेच चालतात, तिथे हा प्रश्न नाही.

तिकडच्या वर्गात शिकवतात की त्रिकोण गावात ५० मीटर मागे, बाहेरच्या रस्त्यावर १०० मीटर, महामार्गावर १५० मीटर किंवा त्याहून जास्त. आधी जॅकेट घालायचं, मग त्रिकोण उघडून छातीपुढे धरून रस्त्याच्या कडेने मागे चालत जायचं, म्हणजे तो ठेवण्याआधीपासूनच येणाऱ्याला दिसतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपला महामार्ग होता. आपल्याकडे ट्रक बंद पडला की मागे काय ठेवतात? चार दगड आणि बाभळीची फांदी. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात. गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या, ना मागे दिवा, ना रिफ्लेक्टर.

आपल्या वर्गातला एक जण आज इथे नाही. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या घरची माणसं पुढच्या रांगेत बसली आहेत. त्यांना विचारूनच मी हे बोलते आहे. तो जानेवारीच्या रात्री कारखान्याच्या रस्त्याने मोटारसायकलवर घरी येत होता. वळणावर पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. त्याच्याकडे लायसन्स होतं, विमा होता, हेल्मेटही होतं. त्याच्या कागदांत काही कमी नव्हतं. ट्रॉलीच्या मागे एक त्रिकोण कमी होता.

म्हणून या पाचव्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त मान देते. पहिले चार प्रश्न आपल्याला अडवू शकतात, पाचवा दुसऱ्याला वाचवतो. नवी गाडी घेताना शोरूममधून त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी आपल्यालाही मिळते. आपल्यापैकी किती जणांनी तो त्रिकोण प्लॅस्टिकमधून बाहेर काढलाय? हात वर करू नका, पण आज घरी गेल्यावर डिकी उघडून बघा. तो उघडायचा कसा ते मुलांनाही दाखवा. पेटीतली मलमं आणि पट्ट्या यांची तारीख बघा. नेपाळच्या घाटात धुक्यात थांबावं लागलं तर हाच त्रिकोण लागणार आहे, आणि त्याआधी कदाचित पाटसच्या अलीकडेच लागेल.

नेपाळबद्दल आणखी दोन-तीन गोष्टी. काठमांडूत एप्रिल २०१७ पासून विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. आपल्या मंडळींना हे भन्सारपेक्षा अवघड जाणार आहे. दारू पिऊन गाडी चालवण्यावर तिथले पोलीस कडक आहेत. त्या तपासणीला तिथे 'मापसे' म्हणतात, म्हणजे मादक पदार्थ सेवन. फास्टॅग सीमेपर्यंतच. सीएनजीच्या गाडीने जाणाऱ्यांनी पुढचा सगळा प्रवास पेट्रोलवर होणार असंच धरून निघावं, आणि सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे ना ते पाहावं. स्टेपनीत हवा भरून घ्या. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच येत नाही, पंक्चर किट येतं. ते वापरायचं कसं, याची तालीम इथेच करून जा.

शेवटी आपल्या यादीबद्दल बोलते. ग्रुपवरच्या यादीत चालक म्हणून सहा नावं आहेत, सहाही पुरुषांची. माझं धरून आपल्यातल्या चार मैत्रिणींकडे लायसन्स आहे. शाळेत असताना आपण मुली सायकलवर यायचो आणि पावसाळ्यात मुलांच्या आधी वर्गात पोचायचो, हे बाईंना आठवत असेल. हा मानापमानाचा विषय मी काढत नाही, हा कागदाचा विषय आहे. परदेशात चालक आजारी पडला तर स्टिअरिंगवर बसणाऱ्याचं नाव अधिकारपत्रात हवं. नसेल तर गाडी तिथेच उभी राहते, आणि भन्सारचे दिवस मोजणं काही थांबत नाही. म्हणून प्रत्येक गाडीमागे तीन चालकांची नावं घाला, आणि त्यांत त्या गाडीतल्या लायसन्सवाल्या मैत्रिणीचं नाव असू द्या. ज्या मैत्रिणींचं लायसन्स कपाटात पडून आहे त्यांनी त्याची मुदत बघावी आणि निघण्याआधी दौंड-बारामती रस्त्यावर हात साफ करून घ्यावा.

आमच्या कामात प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्याआधी एक यादी असते. ती पूर्ण झाली नाही तर कितीही वरच्या साहेबाने सांगितलं तरी पुढे जायचं नाही, आणि प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचं नाव असतं. तशीच यादी मी आपल्या सहलीसाठी केली आहे. लायसन्स आणि ओळखपत्राची मुदत, आरसी आणि बोजा, अधिकारपत्र, विम्याचं पुरवणी पान, पीयूसी, त्रिकोण, जॅकेट, प्रथमोपचार पेटी, स्टेपनी. तीन गाड्यांची तीन पानं. जेवणानंतर बाहेरच्या टेबलावर ठेवते, प्रत्येक ओळीपुढे आपलं नाव लिहा. जॅकेट मी आणली आहेत, चौदा. माझ्या वतीने भेट समजा. सहलीला न येणाऱ्यांसाठीही थोडी जास्त आहेत. ज्यांच्या घरी उसाची ट्रॉली आहे त्यांनी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या घेऊन जायच्या आहेत, त्याचा गठ्ठा वेगळा ठेवलाय.

सरांनी आणि बाईंनी इतका वेळ ऐकून घेतलं. शाळेत असताना माझं भाषण नेहमी घंटा वाजून संपायचं, आज आपणहून संपवते.